चिखलाचा वारसा

दिवाडी बेटावर जाऊन आलेल्या माणसाने लिहिलेला मराठी लेख मी आजवर किमान दहा-बारा वेळा तरी वाचला असेल. लेखक बदलतात, दिवाळी अंक बदलतो. लेख मात्र तोच. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते, पलीकडे उतरताच काळ थांबल्याचा साक्षात्कार लेखकाला होतो, मग टेकडीवरचे पांढरेशुभ्र चर्च, वेताच्या खुर्च्यांची जुनी घरे, सोप्यावर बसलेली एखादी वृद्धा, आणि अखेरीस परतीच्या फेरीत दाटून आलेली हुरहुर. अलीकडच्या काही वर्षांत या लेखाला एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला आहे. त्यात चर्चला जागा नसते, असलीच तर आरोपी म्हणून. तेथे कदंबांचे कुलदैवत, भग्न मंदिर, तळीच्या झिजलेल्या पायऱ्या आणि लेखकाच्या डोळ्यांत उभे राहिलेले पाणी असते. या दोन लेखांचे आपसांत भांडण आहे. माझे भांडण दोघांशीही आहे. आणि प्रारंभीच कबूल करायला हवे की पहिल्या जातीचा एक लेख पंधरा वर्षांपूर्वी मीही लिहिला होता. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यातला काही भाग प्रायश्चित्ताचा समजावा.

आधी भूगोल सांगते, कारण या बेटाविषयीच्या बहुतेक लेखनात भूगोल हा पाठीमागे टांगलेल्या पडद्यापलीकडे जात नाही. दिवाडी हे गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातले, मांडवीच्या प्रवाहांनी वेढलेले बेट. दक्षिणेला नदीपलीकडे जुने गोवे, शेजारी चोडण, आणि दुसऱ्या अंगाला पाण्यापलीकडे डिचोली तालुक्यातले नार्वे. रायबंदर, जुने गोवे आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटीने येथे पोचता येते. बेटावरून समुद्र दिसत नाही, पण दिवसातून दोनदा तो येऊन जातो. मांडवीचे पाणी येथे भरती-ओहोटीचे आणि पावसाळा सरला की खारे. मध्यभागी जांभ्या दगडाची टेकडी आहे. टेकडीवर पिएदादचे चर्च, तिच्या उतारांवर आणि पायथ्याला वाडे आणि वस्त्या. त्या वस्त्यांच्या पुढे थेट नदीपर्यंत पसरलेली सपाट, सखल जमीन आहे, आणि या जमिनीचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. नदी आपल्या मनाप्रमाणे वागली तर तो दिवसातून दोनदा पाण्याखाली जाईल. ती तशी वागत नाही, कारण मध्ये एक बांध आहे.

या बांधाचा उल्लेख वर सांगितलेल्या दहा-बारा लेखांपैकी एकातही नाही. माझ्या लेखातही नव्हता.

तो मला दाखवला गेला, आणि तोही जरा खोचकपणे. सिंधुदुर्गातल्या आमच्या महाविद्यालयाच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन बोलींच्या अभ्यासासाठी मी दिवाडीला गेले होते. सकाळी टेकडीवरचे चर्च पाहिले, दुपारी नार्व्याच्या बाजूची तळी पाहिली. वह्या भरल्या होत्या, सर्वांचे समाधान झाले होते. फेरीच्या वाटेवर शेतात काम करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांशी विद्यार्थी बोलू लागले. आम्ही काय काय पाहिले ते त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “तळी पळयली, इगर्ज पळयली, बांद पळयलो?” विद्यार्थी हसले. कोणता बांध? ते ज्याच्यावर उभे होते तोच.

त्या एका प्रश्नाने माझा सारा लेख मोडीत काढला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे : दिवाडीचा वारसा म्हणून आपण ज्याच्याबद्दल भांडतो तो दगडाचा आहे, आणि ज्याच्यावर हे बेट उभे आहे तो चिखलाचा. दगडासाठी आपल्याकडे शब्द, पैसा, अभिमान आणि संताप हे सर्व आहे. चिखलासाठी काहीच नाही. आणि आज जे नष्ट होते आहे ते चिखलाचे आहे.

दगडाची गोष्ट मी नाकारत नाही. तिचे तपशील खरे आहेत आणि वेदनादायकही. सप्तकोटीश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा आराध्य देव. ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद ते अभिमानाने मिरवत. दिवाडीवरचे त्याचे मंदिर चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत पडले, विजयनगरच्या राजवटीत पुन्हा उभे राहिले, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी ते पाडले. देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेण्यात आला. त्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. त्याच मंदिराचे नूतनीकरण गोवा सरकारने २०२३ साली पूर्ण केले. इकडे टेकडीवरचे पिएदादचे चर्च हेही सरळसोट परकीयांचे काम नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी ते उभे राहिले, आणि त्याची रचना आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रीची मानली जाते. शेजारच्या दफनभूमीतल्या कपेलात जुन्या मंदिराचे कोरीव छत आणि दगडी जाळी आजही पाहता येते. एकाच भिंतीत पराभव आणि निगा, दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. हे पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याशी माझा वाद नाही. तो लेखही लिहीत नाही.

माझा आक्षेप त्यापुढच्या पायरीवर आहे. वारसा हा शब्द उच्चारला की आपली मान आपोआप वर जाते. कळस, घुमट, मनोरा, बुरूज अशा उंच गोष्टींकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे. नदीपलीकडे जुन्या गोव्यातल्या चर्चना आणि मठांना १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या मंदिरांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये ठेवले. एका बाजूला जागतिक मान्यता, दुसऱ्या बाजूला अस्मितेचा निधी. या दोहोंच्या मध्ये, अक्षरशः मध्ये, मांडवीच्या कडेला जो मातीचा बांध आहे, त्याला भगदाड पडले तर ती बातमी स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन परिच्छेदांत संपते.

हा बांध म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे, कारण मराठी विभागात शिकलेल्या माझ्यासारख्यांना ते ठाऊक नसते. नदीकाठची तिवरांची दलदल वेगळी काढून, तिच्याभोवती चिखल, गवताचा पेंढा, फांद्या आणि जांभा दगड यांचा बांध घालून भरतीला अडवायचे, आणि आतल्या जमिनीत भात पिकवायचे. या जमिनीला खाजन म्हणतात. बांधात एका ठिकाणी लाकडी झडपांचे दार बसवलेले असते. त्याला मानस म्हणतात. (आमच्या एका विद्यार्थिनीने हा शब्द ऐकून वहीत ‘मन या अर्थी’ असे लिहिले. तिला मी हसले नाही, कारण आदल्या वर्षीपर्यंत मीही तेच लिहिले असते.) भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर रेटते आणि त्या उघडतात. यंत्र नाही, इंजीन नाही, रखवालदारही नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारे हे दार आहे. आत पोंय नावाचा खोलगट जलमार्ग असतो, त्यात पाणी साठते आणि मासळी वाढते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती पकडतात. पावसाळ्यात पावसाचे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते आणि भात उभे राहते. खारेपण सोसणारे कोरगूट हे तिथले वाण. कोरड्या ऋतूत, जेथे सोय असेल तेथे, त्याच सखल जमिनीत मिठागरे पिकतात. एकाच तुकड्यातून भात, मासळी आणि मीठ. गोव्यात अशा खाजन जमिनी सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. किनाऱ्यालगतच्या या छोट्या राज्याची कित्येक शतकांची भाताची पेज या जमिनींतून आली आहे.

आता दगड आणि चिखल यांचे नाते पाहू. गावची जमीन सामायिक मालकीने सांभाळणारी संस्था म्हणजे गावकारी. पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद. १५२६ साली आफोंसो मेशियाने तिच्या चालीरीतींची नोंद ‘फोराल’ नावाने केली, तेव्हा ती नवी संस्था घडवत नव्हता. जे आधीच चालू होते ते लिहून घेत होता. बांध बांधणे, दरवर्षी त्याची डागडुजी करणे, मानशीची मासळी लिलावात देणे, उत्पन्नातून सामायिक खर्च भागवून उरलेले वाटणे हे गावकारीचे काम. त्या सामायिक खर्चात देवाचा खर्च पहिला. देवळाच्या नावे जमिनी राखलेल्या असत. तिसवाडीतली देवळे पाडल्यावर १५४१ साली त्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या व्यवस्थेकडे वळवण्यात आले, आणि पुढे गावचे चर्च, त्याचे फेस्त, त्याची दुरुस्ती यांचा भार गावकारीच्या मिळकतीवर पडला. म्हणजे सप्तकोटीश्वराच्या समईत जळणारे तेल आणि पिएदादच्या वेदीवरची मेणबत्ती यांचा खर्च त्याच जातीच्या चिखलाने उचलला. देव बदलला, पुजारी बदलला, भाषा बदलली, धनी तीन-चार वेळा बदलले. भरती मात्र बदलली नाही; म्हणून बांध घालणारे हातही बदलले नाहीत. दोन्ही पक्षांचे इतिहासलेखक ज्या दिवशी हा खर्च कोणाच्या खात्यावर पडला ते तपासतील, त्या दिवशी त्यांच्या भांडणाचा सूर थोडा खाली येईल, अशी मला भाबडी आशा आहे.

हे मी नव्याने सांगत नाही. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या ग्रामसंस्थेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आपण मराठीचे प्राध्यापक कोसंबींचे नाव व्याख्यानात मोठ्या आदराने घेतो, पण त्यांनी जेथे नजर लावायला शिकवले तेथे, म्हणजे पायाखाली, पाहत नाही. आपल्या अभ्यासक्रमातला ख्रिस्ती गोवा १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’ने सुरू होतो आणि जवळजवळ तेथेच संपतो. फादर स्टीफन्सच्या ओवीची आपण वाहवा करतो. ती ओवी ज्यांनी गुडघ्यावर बसून ऐकली त्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी कशात रुतलेले असत, हे आपण विचारत नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्त आहे. गावकारी म्हणजे काही सोन्याचा काळ नव्हता. गावकार हे ठरावीक घराण्यांतले, आणि त्यांतलेही पुरुष. गावच्या उत्पन्नातला वाटा त्यांचा. बांधावर चिखल टाकणारे कुणबी, गावडे, मजूर यांचा त्या वाटपात हिस्सा नव्हता. जात देवळात होती, ती बाप्तिस्म्यानंतर चर्चमधल्या कोंफ्रारियांतही शिरली. मी ही व्यवस्था परत आणा म्हणत नाही. १९६४ चा कूळकायदा आणि कुळाला मालक मानणारी १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याच्या हाती जमीन दिली, हे न्याय्यच झाले. ज्यांच्या आजोबांनी अलिबागच्या खारेपाटात चरीचा संप पाहिला असेल, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन पडीक ठेवून खोताशी झुंजणारी कुळे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु जमिनीची वाटणी होते, बांधाची होत नाही. माझे शेत माझे, तुझे शेत तुझे, हे कायद्याने ठरवता येते. पण तुझ्या शेतासमोरचा बांध फुटला तर खारे पाणी माझ्या शेताची हद्द विचारत थांबत नाही. १९७५ च्या नियमांनी बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली. हक्क वेगळे झाले, जबाबदारी मात्र कागदावर सामायिक राहिली. आणि सामायिक जबाबदारी निभावण्याची जी सवय शतकानुशतके लागली होती, ती अन्यायाबरोबरच वाहून गेली. न्हाणीचे पाणी टाकताना बाळ टाकले गेले, असे मी म्हणणार नाही. बाळ तेथेच आहे, पण त्याला उचलून घेणारे कोणी नाही.

बांध मरतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेस मांडवीतून वर्षानुवर्षे गेल्या. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तरी तोवर त्यांच्या लाटांनी काठ कुरतडले होते. मानशीच्या मासळीचा लिलाव घेणाऱ्या ठेकेदाराला भाताशी देणेघेणे नसते. खारे पाणी जितके आत येईल तितकी कोळंबी अधिक, म्हणून झडप वेळेवर मिटू न देण्यात त्याचा फायदा. शेत दोन-तीन वर्षे खारे राहिले की कूळ नाद सोडते. शेत पडीक झाले की तिवरे उगवतात. तिवरे उगवली की ती तोडण्यास कायद्याची मनाई. आणि ती मनाई योग्यच, कारण तिवरांवाचून किनारा टिकत नाही. पण त्यामुळे फुटलेल्या बांधाआडचे शेत पुन्हा शेत होणे जवळजवळ अशक्य होते. मग त्या जमिनीला पडीक म्हणता येते. पडीक जमिनीला गिऱ्हाईक मिळते. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत खाजन जमिनींच्या संरक्षणाची खास तरतूद गोव्यासाठी केली होती. तर २०२४ साली राज्याच्या नगरनियोजन कायद्यात ३९-अ हे कलम आले, ज्याने जमिनीचा विभाग बदलून घेण्याची वाट रुंद केली आणि गोवाभर त्याला विरोध झाला. कायदे दोन्ही बाजूंनी बोलतात. चिखल एकाच बाजूने वाहतो.

कोकण रेल्वेची कथाही हेच सांगते. रेल्वेचा मार्ग बेटाच्या पूर्वेकडच्या भागातून जातो. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी हा मार्ग बदलावा म्हणून गोव्यात मोठे आंदोलन झाले, आणि त्यात खाजन जमिनींचा प्रश्न महत्त्वाचा होता. आमच्याकडे, तळकोकणात, तेव्हा त्या आंदोलकांची चेष्टा चालत असे : आम्हाला मुंबईहून गाडी हवी आणि यांना चिखल वाचवायचा आहे! मी त्या वेळी शाळेत होते आणि त्या चेष्टेत सामील होते. आज त्या गाडीने गोव्याला जाताना खिडकीतून खाजन दिसते. गाडी थांबत नाही. बेटावर स्थानकच नाही.

माणसे बाहेर गेली म्हणून शेती गेली, असे एक सोपे उत्तर दिले जाते. आखात, जहाजे, आणि १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या वंशजांना मिळणारे पोर्तुगीज नागरिकत्व, त्यातून इंग्लंड. हे खरे आहे. पण दिवाडीची माणसे बाहेर जाणे ही काही आजची गोष्ट नाही. फादर जाकोम गोन्साल्विस हे १६७६ साली याच बेटावर जन्मले. १७०५ साली ते सिलोनला गेले, सिंहली आणि तमिळ शिकले, आणि आज सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून तिकडे त्यांचा गौरव होतो. (इकडे त्यांचे नाव माझ्या विभागातल्या एकाही सहकाऱ्याने ऐकलेले नव्हते, मीही नाही.) जाकोम परतले नाहीत, १७४२ साली तेथेच वारले. पण ते गेले म्हणून बांध खचला नाही, कारण बांध एका माणसावर किंवा एका घरावर उभा नव्हता. जाणाऱ्याच्या मागे व्यवस्था उरत असे. आज जाणाऱ्याच्या मागे कुलूप उरते. फरक स्थलांतरात नाही, मागे राहणाऱ्यांच्या एकत्र असण्यात आहे.

मग उरते काय? उत्सव उरतात. ऑगस्टमध्ये दिवाडीचा बोंदेरां होतो; मालारचा चौथ्या शनिवारचा विशेष प्रसिद्ध. रंगीत निशाणे, चित्ररथ, बांबूच्या नळीतून झाडाची फळे उडवणारे फोटाश, पणजीहून येणारी गर्दी. पर्यटनाच्या पत्रकांत त्याचे वर्णन धमाल असे असते. पण बोंदेरां हे निशाण कशाचे होते? परंपरा सांगते की वाड्यांमधले जमिनीच्या हद्दीचे तंटे मिटवण्यासाठी पोर्तुगीजांनी निशाणे रोवली आणि लोकांनी ती पाडली. म्हणजे उत्सवाच्या मुळाशी शेताची हद्द आहे. आता हद्द राहिली नाही तरी निशाण राहील, कारण निशाणाचे छायाचित्र चांगले येते. तिसवाडीतल्या गावांत नव्या कणसांचे फेस्तही होते. पाद्री पहिली कणसे कापतो, आशीर्वाद देतो, ती घराघरांत नेतात. विचारायचे इतकेच, की पुढच्या पिढीत ही कणसे कोठून आणणार? बाजारातून? देवळात नारळ जसा विकत आणतो तसे कणीस विकत आणून त्याला नवान्न म्हणणार?

फेरीबोटीवर प्रेम करणाऱ्या मित्रांनाही एक शब्द. दिवाडीला पूल नको, पूल झाला की बेट संपले, असे शहरातून आलेला प्रत्येक जण म्हणतो. रात्री घरात कोणी आजारी असताना धक्क्यावर फेरीची वाट पाहत उभे राहण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते. पूल हवा की नको हे तिथल्या माणसांनी ठरवावे. आपल्या हुरहुरीला त्यात मत नाही. आणि बेट पुलाने संपते ही समजूतही चुकीची आहे. दिवाडीभोवती पाणी आहे म्हणून ते बेट नाही. पाणी आत येऊ दिले नाही म्हणून ते बेट राहिले. बांध गेला तर पूल असो वा नसो, उरेल ती एक टेकडी, तिच्यावर एक सुंदर चर्च, आणि भोवती खारे पाणी. छायाचित्रासाठी तेही उत्तमच दिसेल.

मंदिर पुन्हा बांधू इच्छिणाऱ्या मित्रांनाही एक शब्द. देव गेला त्याचे दुःख खोटे नाही. ते दुःख गोव्याने साडेचारशे वर्षे जपले. पण कदंबांचा राजा आज दिवाडीवर उतरला तर तो प्रथम काय पाहील? जमीन पिकते का, कारण देवाचा नैवेद्य तीतूनच जायचा. ज्या बेटावर भात पिकत नाही तेथे उभारलेले मंदिर हे स्मारक असेल, देवस्थान नसेल. २० कोटी रुपयांतले काही रुपये मानशीच्या लाकडी झडपांवर खर्च झाले तर सप्तकोटीश्वर रागावणार नाही.

‘वारसा’ या आपल्या शब्दातच खरे तर याचे उत्तर आहे. वारसाला घर मिळते तसे घरावरचे कर्जही मिळते. घर घेईन, कर्ज घेणार नाही, असे म्हणणारा वारस कोर्टात टिकत नाही. दगडाचा वारसा हा असा बिनकर्जी वाटतो : तो पाहायचा, त्याचा अभिमान बाळगायचा, त्याच्यावरून भांडायचे, आणि संध्याकाळच्या फेरीने घरी यायचे. आपण नसलो तरी दगड दोन-तीनशे वर्षे उभा राहतो. चिखलाचा वारसा दरवर्षी हात मागतो. एक पावसाळा दुर्लक्ष केले तर तो खचतो, दोन पावसाळे केले तर फुटतो. म्हणूनच तो मोठा वारसा आहे : तो कोणा एका राजाने किंवा बिशपाने बांधून संपवलेला नाही, शेकडो वर्षे दर वर्षी पुन्हा बांधलेला आहे.

मागण्या फार मोठ्या नाहीत. गोव्यातल्या प्रत्येक खाजनाचा नकाशा गावातल्या लोकांसमोर मांडला जावा. मानशीच्या लिलावाच्या अटी आणि हिशेब जाहीर व्हावेत, आणि त्या पैशांतून आधी बांध दुरुस्त व्हावा. वारसा या नावाने जो निधी खर्च होतो त्यात बांधालाही ओळ मिळावी. आणि आपण, जे भाषेचे काम करतो, त्यांनी आपला वाटा उचलावा. रायगडचा खारेपाट, सिंधुदुर्गच्या खाड्या आणि गोव्याचे खाजन ही एकाच व्यवसायाची तीन बोलीरूपे आहेत. बांध, मानस, पोंय, खार, उघाडी हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ते वृद्ध झाले आहेत. ओवीतले अलंकार मोजण्यासाठी आपल्याकडे दरवर्षी प्रबंध निघतात. हे शब्द वेचायला एखादा निघायला हरकत नसावी.

माझ्या त्या विद्यार्थिनीने सहलीच्या अहवालात ‘मानस’ या नोंदीपुढचे ‘मन या अर्थी’ हे शब्द खोडले आणि खाली लिहिले : ‘भरतीला मिटणारे व ओहोटीला उघडणारे दार.’ परीक्षक म्हणून मी त्या नोंदीला पूर्ण गुण दिले. प्राध्यापक म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न मी दर वर्षी नव्या वर्गाला विचारते, आणि आज तुम्हालाही विचारते आहे. दिवाडीला गेलात, तळी पाहिलीत, इगर्ज पाहिलीत.

बांध पाहिलात?